हरवलेलीं मुलें आणि नेलेलीं मुलें

मूल ‘हरवलें’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्या क्रियापदाला दुसरा कोणी कर्ता नसतो. जत्रेंत हातांतलें बोट सुटलें, गर्दी लोटली आणि मूल दिसेनासें झालें; दोष द्यावयाचा तर दैवाला. परंतु मूल ‘नेलें’ असें म्हटलें कीं, कोणीं नेलें हा प्रश्न ओघानेंच येतो. अमांडा पीटर्स ह्या कॅनडांतील मिक्मॉ वंशाच्या लेखिकेची ‘द बेरी पिकर्स’ ही २०२३ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी ह्या दोन क्रियापदांमधील अंतर मोजणारी आहे.

कथानक थोडक्यांत असें. १९६२ च्या जुलै महिन्यांत नोव्हा स्कोशिया प्रांतांतील एक मिक्मॉ कुटुंब ब्ल्यूबेरीच्या तोडणीसाठीं सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या मेन संस्थानांत येतें. शेताच्या कडेला आपल्या आवडत्या दगडावर बसलेली चार वर्षांची रूथी एकाएकीं नाहींशी होते. तिला शेवटीं पाहिलेलें असतें तें तिच्या सहा वर्षांच्या भावानें, जोनें. आणि तें शल्य तो जन्मभर उरांत वागवतो. तिकडे मेनमध्येंच एका सुखवस्तु घरांत नॉर्मा ही एकुलती एक मुलगी वाढत असते. तिला पडणाऱ्या स्वप्नांचा उलगडा घरांतील कोणी करीत नाहीं. ह्या दोन मुली म्हणजे वस्तुतः एकच, हें वाचक लवकरच ओळखतो. लेखिकेलाही तें लपवावयाचें नाहीं. मुलगी कोठें आहे ह्यापेक्षां, तिच्यावांचून एका घराचे आणि स्वतःच्या नांवावांचून तिचे दिवस कसे गेले, हें तिला सांगावयाचें आहे.

हें दुःख एका घराचें असलें तरी त्याची पार्श्वभूमि इतिहासाची आहे. कॅनडांत १९२० च्या कायद्यानें मूलनिवासींच्या मुलांस सरकारी निवासी शाळांत धाडणें सक्तीचें करण्यांत आलें. नोव्हा स्कोशियांत शुबेनाकाडी येथें अशी शाळा १९३० पासून १९६७ पर्यंत चालली. म्हणजे रूथी नाहींशी झाली त्या उन्हाळ्यांत ती चालूच होती. देशभर अशा शाळांतून सुमारें दीड लक्ष मुलें गेलीं, असा अंदाज आहे. १९५१ च्या दुरुस्तीनंतर प्रांतिक बालकल्याण खात्यांचे हात मूलनिवासींच्या वस्त्यांपर्यंत पोहोंचले, आणि पुढील दोन-तीन दशकांत हजारों मुलें परक्या घरीं दत्तक गेलीं. अमेरिकेंतही १९५८ ते १९६७ ह्या काळांत सरकारी योजनेनें ३९५ मुलें बहुतेक गोऱ्या कुटुंबांत देण्यांत आलीं. ही संख्या लहान दिसते; परंतु १९७० च्या दशकांतील पाहणींत शेंकडा २५ ते ३५ मूलनिवासी मुलें आपल्या घरांपासून तुटलेलीं आढळलीं.

आतां कादंबरीकडे पुन्हां पाहावें. मुलगी नाहींशी झाल्यावर तिच्या आईबापांस पोलिसांकडून फारसें साहाय्य मिळत नाहीं. मुलें नेण्यासाठीं ज्या शासनांना इतकी तत्परता होती, त्यांच्याच जगांत एक मूल शोधण्याची वेळ आली तेव्हां कोणालाच घाई नव्हती. ह्या विसंगतीवर लेखिका भाष्य करीत नाहीं; तिनें वर्ष आणि स्थळ तेवढें अचूक निवडलें आहे.

एक आक्षेप मात्र घेतां येईल. अपराधाचा सारा भार एका दुःखी, अपत्यहीन स्त्रीवर पडल्यामुळें वाचकाचा रोष तिच्यापाशींच थांबण्याचा संभव आहे. तरीही मला वाटतें, ह्याच स्त्रीच्या चित्रणांत ग्रंथाचें मर्म आहे. ती क्रूर नाहीं; मुलीला ती खाऊं-पिऊं घालते, शिकवते, जिवापाड जपते. मूल आपल्या घरीं अधिक सुखांत राहील, ही तिची समजूत. आणि सरकारी योजनांच्या मुळाशीं असलेली समजूतही नेमकी हीच होती. मायेनें केलेलें हरण तें हरणच, हें ओळखण्यास कायद्याला फार काळ लागला.

१९७८ सालीं अमेरिकेनें कायदा करून अशा मुलांस प्रथम त्यांच्या आप्तांकडे, मग त्यांच्या जमातींत ठेवण्याचा दंडक घातला. कादंबरी निघाली त्याच वर्षीं, २०२३ च्या जूनमध्यें, तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा कायम राखला. कॅनडाच्या पंतप्रधानांनीं २००८ सालीं निवासी शाळांबद्दल क्षमा मागितली. परंतु मेनमध्यें नेमलेल्या सत्यशोधन मंडळानें २०१५ सालीं दाखवून दिलें कीं, २००० ते २०१३ ह्या काळांतही मूलनिवासी मुलें इतरांच्या पांचपटींहून अधिक प्रमाणांत घराबाहेर काढलीं जात होतीं.

कादंबरींतील बहीणभावांची भेट होते ती जवळजवळ पन्नास वर्षांनंतर, भाऊ मरणशय्येवर असतांना. त्या भेटींत आनंद आहे. पण गेलीं वर्षें परत करण्याची शक्ति तिच्यांत नाहीं, आणि ती आहे असें लेखिका भासवीतही नाहीं. शेताच्या कडेच्या त्या दगडावरून मूल हरवलें नव्हतें, नेलें होतें. आणि रूथीला आपल्या नांवानें पुन्हां हांक मारली जाण्यापूर्वीं कोणाला तरी एवढें स्पष्ट बोलावें लागलें.