कोलशेतची खाडी आणि जुनी गलबते

ठाण्याच्या उत्तर अंगास कोलशेत आहे. येथून उल्हास नदीची खाडी वळण घेत पश्चिमेस जाते. समोर भिवंडीच्या बाजूचे काल्हेर, पुढे घोडबंदर आणि सरतेशेवटी वसईपाशी समुद्र. या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी कोलशेत पाहिले असेल ते रस्त्यावरून. परंतु त्याचा इतिहास रस्त्यावरून दिसत नाही. तो पाण्यावरून पाहावा लागतो.

१६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी तेथे गलबते बांधावयास घेतली. कल्याणहून समुद्र गाठावयाचा तर दोनच वाटा होत्या : एक ठाण्यावरून मुंबईकडे, दुसरी कोलशेत-घोडबंदरावरून वसईकडे. दोन्ही वाटांवर पोर्तुगीजांचा पहारा. महाराजांनी या कामावर पोर्तुगीज कारागीर ठेवले होते, त्यांनाही पोर्तुगीज सत्तेने १६५९ साली फितवून परत नेले. आरमार मात्र वाढतच गेले. हा प्रसंग शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. पण बांधलेले गलबत दहा, वीस, तीस वर्षे पाण्यावर राहिले कसे, हे आमच्या इतिहासकारांनी फारसे विचारले नाही. जलावतरणाची तिथी लिहून ठेवतात. डागडुजीची तिथी कोण लिहितो?

वास्तविक लाकडी गलबताचे आयुष्य म्हणजे डागडुजीचेच आयुष्य. आमच्या किनाऱ्यावर त्याचे वेळापत्रक पावसाने ठरविलेले होते. ज्येष्ठात होड्या, मचवे वर ओढावयाचे, झावळ्यांनी शाकारावयाचे, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटावयाचे. शाकारणी केवळ पावसासाठी असे कोणी समजेल, तर ते अर्धेच खरे आहे. लाकडाला खारे पाणी मानवते. पावसाचे गोडे पाणी साचले की ते कुजते, आणि कोरडे ऊन लागले की फळ्या आक्रसून सांधे उघडतात. म्हणून सावली हवी आणि ओलही हवी. सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठोकून वर राळ आणि तेल भरावयाचे, फळ्यांना माशाचे तेल पाजावयाचे, पाण्याखालच्या अंगाला चुना व तेल यांचा लेप द्यावयाचा. नाहीतर लाकूड पोखरणारी समुद्रातली कीड एकदोन हंगामांत तळ खाऊन टाकते. एवढे करूनही पाण्यात लोटल्यावर पहिले दोन दिवस होडी गळतेच. नवखा माणूस घाबरतो. जुना तांडेल मात्र पाणी उपसत स्वस्थ बसतो. फळ्या फुगल्या की सांधे आपोआप मिळतात, हे त्याला माहीत असते.

या कामाला सागवानासारखे लाकूड नाही. त्यातल्या तेलामुळे ते कुजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ साली बांधलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे.

पण आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते मुंबईतच जन्मलेल्या एका लहान गलबताविषयी. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतील रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्याने १९६३-६४ साली मुंबईत ३२ फुटी ‘सुहैली’ बांधून घेतली. आराखडा नॉर्वेच्या जुन्या बचावनौकांच्या वळणाचा, लाकूड सागाचे आणि हात इथल्या सुतारांचे. त्यांची हत्यारे म्हणजे वाकस आणि दोरीने फिरवावयाचा सामता. नाव अरब खलाशांच्या भाषेतले; इराणी आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ते सुहैली म्हणतात. १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन हिच्यातून एकटा फाल्मथहून निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. असे करणारा तो जगातला पहिला मनुष्य. शर्यतीत नऊ जण होते; पुरी केली ती या एकट्याने.

प्रदक्षिणेच्या आरंभीच, केप व्हर्ड बेटांच्या पुढे, तळाजवळचा सांधा गळू लागला. मदत मागावयास कोणी नव्हते. तो पाण्यात उतरला, बुडी मारून मारून सांध्यात कापूस ठोकला, त्यावर किलतानाची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा खिळ्यांनी बसविला. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारावे लागले. आमचा तांडेल वाळूत बसून जे करी, तेच हा भर अटलांटिकमध्ये करीत होता!

पुढे १९९१ साली ‘सुहैली’ गिर्यारोहक क्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ग्रीनलंडलाही जाऊन आली. १९९७ साली तिला ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवले. तेथली हवा कोरडी, मोजून मापून राखलेली. त्या मानाच्या जागी तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. संग्रहालयात गलबत मरते आहे हे मालकाच्या ध्यानात आले आणि २००२ साली त्याने तिला बाहेर काढले. मग पुन्हा दुरुस्ती, पुन्हा पाणी.

ही विद्या परत इकडेही आली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने प्रदक्षिणा करण्याचे ठरविले, तेव्हा प्रथम ते याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या दुसऱ्या नौकेवर किनाऱ्यावरचे मदतनीस म्हणून राबले. म्हणजे आधी डागडुजी, मग प्रवास. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात त्यांनी प्रदक्षिणा पुरी केली, एकट्याने ती करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’च्या लाकडावर फायबरग्लासचे आवरण आहे. त्यामुळे सांध्यांची कटकट पुष्कळ कमी होते. परंतु शीड, दोर, सुकाणू यांची रोजची निगा काही सुटत नाही.

आणि कोलशेत? या खाडीत भात, लाकूड, गवत, रेती वाहणारे पडाव शिडावर चालत. मग इंजिने आली, पूल आले, मालमोटारी आल्या. त्यात आम्हांस गैर काही वाटत नाही. तांडेलाने इंजिन बसविले ते पोटासाठी, आणि जुन्या होडीत नवे यंत्र बसविणे ही देखील तिला जगविण्याचीच एक रीत आहे. वाईट वाटते ते एवढ्याचे की, शिडाचा एकही जुना पडाव आज धक्क्यावर आमच्या दृष्टीस पडत नाही. २०१६ च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये आली असून कोलशेतच्या धक्क्याचे नावही त्या योजनेत आहे. तेव्हा ठाणेकरांनी तेथे एका पडावापुरती जागा मागून घ्यावी. किनाऱ्यावर कोठे जुना सांगाडा मिळाला तर आणावा, आणि सांधे भरणारा एखादा म्हातारा सुतार हयात असेल तर त्याच्या हाताखाली दोन तरुण द्यावेत. काचेचे दालन बांधण्याचा मोह मात्र टाळावा. पडाव भरतीला उचलला जाईल अशा जागी बांधावा, आणि पावसाळ्यात शाकारावा.