अनारकली बाजारातील स्वदेशी बँक

लाल-बाल-पाल या त्रयीतले लाला लजपतराय आपल्याला आठवतात ते सायमन कमिशनविरुद्धच्या निदर्शनांत लाठीचे घाव झेलणारे नेते म्हणून. मला ते एका बँकेचे पहिले खातेदार म्हणूनही आठवतात.

हिंदी लोकांच्या पैशावर इंग्रजांच्या बँका चालतात, नफा त्यांना आणि आपल्या पदरी थोडेसे व्याज, ही सल लाहोरच्या या मंडळींना होती. त्यातून १८९४ मध्ये पंजाब नॅशनल बँकेची नोंदणी झाली. १२ एप्रिल १८९५ रोजी अनारकली बाजारात तिचे दार उघडले. सरदार दयालसिंग मजिठिया आणि लाला हरकिशनलाल हे तिच्या संस्थापकांपैकी.

बाजारपेठेतल्या ठेवींबरोबर पुढे राष्ट्रकार्याचा पैसाही येथे आला. १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बाग समितीचे खाते याच बँकेत उघडले. ते गांधीजी आणि पंडित नेहरू चालवत.

खरी कसोटी लागली १९४७ मध्ये. जूनमध्येच बँकेने नोंदणीकृत कार्यालय दिल्लीला हलवले. फाळणीनंतर पश्चिम पाकिस्तानातली ९२ कार्यालये बंद करावी लागली. सुमारे ४० टक्के ठेवी तिथल्या होत्या. निर्वासित खातेदार हाती जो काही पुरावा उरला होता तो घेऊन आले. बँकेने तेवढ्यावर विश्वास ठेवून त्यांचे पैसे चुकते केले.

स्वदेशी म्हटले की आपल्याला विलायती कापडाच्या होळ्या आठवतात. घरदार गमावून आलेल्या माणसाच्या हाती त्याचीच रक्कम परत ठेवणे, हीही स्वदेशीच, असे मला वाटते.