मुळा धरणातला बंगाली पाहुणा

मागच्या डिसेंबरात राहुरीला मामाकडे गेलो होतो. पहाटे मुळा धरणावर गेलो तर थंडी मरणाची! धुक्यातून एक काका थर्माकोलच्या तराफ्यावर बसून काठाला आले. रात्री लावलेल्या तंगुसाच्या जाळ्यात एक कटला, बाकी सगळी चिलापी.

"थंडीत मासा खाली जाऊन बसतो, फिरतच नाही. मग जाळ्यात येईल कसा?" काका म्हणाले. त्यात धरण काठोकाठ भरलेलं. रब्बी-उन्हाळ्याची आवर्तनं सुटून पाणी उतरलं की मग खरी मासेमारी.

मी आपलं शहाणपण दाखवत म्हटलं, "पण कटला म्हणजे इथला अस्सल मासा ना?"

काका हसले. "इथला कुठला भाऊ, सोडेल हाये त्यो."

हे डोक्यात राहिलं. कटला, रोहू, मृगळ ही मंडळी मुळात गंगेच्या खोऱ्यातली. आपल्या नद्यांतला मोठा मानाचा मासा म्हणजे खडस, इंग्रजीत महसीर. तो अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर जातो. प्रवरेवर 1926 साली भंडारदरा झालं, 1970 च्या दशकात मुळेवर 26 टीएमसीचं हे धरण. खडसाची वाट बंद. नवा तलाव भरायला मग गंगेचे मासे.

पण त्यांनाही अंडी घालायला पावसाळी नदीचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी बंगाल-बिहारच्या नद्यांतून पुराच्या दिवसांत त्यांचं बीज गोळा करायचे आणि हंड्यांतून रेल्वेने देशभर पाठवायचे. विचार करा, केवढा तो खटाटोप! 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. नदीचं काम सुईने केलं म्हणा ना :-) तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे.

गंमत म्हणजे माझ्या टीममधला साउथ कॅरोलिनाचा एकजण दर हिवाळ्यात तलावावर स्ट्राइप्ड बास धरायला जातो. सीगल जिथे घिरट्या घालतात तिथे गळ टाकायचा, कारण खाली बासने छोट्या माशांचा थवा वर हाकललेला असतो. हा बास मूळचा समुद्रातला, अंडी घालायला नदीत येणारा. 1941 मध्ये तिथे धरण झालं आणि काही मासे आत अडकले. वरच्या नद्या मोकळ्या होत्या म्हणून टिकले. बाकीच्या तलावांसाठी 1960 च्या दशकात तिथल्या लोकांनीही हार्मोनचं इंजेक्शनच शोधलं. म्हणजे ही युक्ती आपल्याकडे आधी झाली. हे त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता!

चिलापीची गोष्ट वेगळी. 1952 साली ती भारतात आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. ना नदी लागते, ना सुई, ना सरकारी हॅचरी. कटल्याची बोटुकली मात्र हॅचरीतून आणून सोडावी लागते. काका म्हणाले, "ज्या साली बीज कमी पडतं, त्याच्या दोन वर्सांनी जाळं हलकं." जाळ्याचं कर्ज मात्र तेवढंच राहतं.

कटला काकांनी बाजारासाठी बाजूला ठेवला. आम्ही चिलापी घेतली. मामीने लसूण-खोबऱ्याचं वाटण लावून झकास कालवण केलं.