खिडकी फाटलेला ‘आवाज’

जुने कॉमिक्स गोळा करणारे आपले बरेच लोक वेताळापाशी येऊन थांबतात. आज आपण जरा बाजूला वळू, दिवाळी अंकांकडे.

ही परंपरा १९०९ची, का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’पासूनची. १९५१ला मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ काढला, पुढे मुलगा भारतभूषण यांनी चालवला. म्हणजे तसा घरचाच उद्योग. अंकाची ओळख काय, तर खिडकी-चित्रं! पानात कापलेली झडप. बंद असताना चित्र चावट वाटतं, उघडली की आत भलतंच साधं काहीतरी.

संग्राहकाची गोची इथेच होते. घरातल्या प्रत्येकानं उघडून पाहिलेली खिडकी हमखास फाटते. पिंपळनेरला रद्दीवाल्या दादांनी विचारलंच, “भाऊ, हाई फाटेल कसाले लेतस?” बरं, स्कॅन करावं तर सपाट पीडीएफमध्ये विनोदच मरतो. मी एका पानाचे दोन फोटो ठेवतो, झडप बंद आणि झडप उघडी.

मूळ चित्रं तर त्याहून दुर्मिळ. छपाईचा ब्लॉक बनला की त्या कागदाचं काम संपायचं. म्हणून शि. द. फडणीसांनी १९६५ला ‘हसरी गॅलरी’ भरवली, हे मला फार मोठं वाटतं. ‘हंस’, ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर हसवणारा माणूस थेट प्रदर्शनाच्या भिंतीवर!

तुमच्या माळ्यावर ‘आवाज’ असेल तर सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते. आणि रद्दीत द्यायच्या आधी खिडक्या मोजून मला कळवा.