पिवळा बेडूक, काळा काळवीट आणि ‘पडीक’ नावाची आपली चूक

मृगाचा पहिला दणकून पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून एक व्हिडिओ सुटतो. शेताच्या कडेला साचलेलं पाणी, त्यात हळदीनं माखल्यासारखे पिवळेजर्द बेडूक, गालाजवळ फुगणारे निळे फुगे आणि कान किटवणारं डराँव डराँव. खाली मजकूर ठरलेला: ‘परदेशी विषारी बेडूक आलेत, लेकरं सांभाळा, पुढे पाठवा.’ मला हा व्हिडिओ दरवर्षी निदान तीन ग्रुपवरून येतो. मागं एकदा आला त्यात पोरं त्या बेडकांना काठीनं मारत होती आणि मागून कुणीतरी मोठं माणूस ‘मार, मार’ म्हणत होतं. म्हणून हे लिहायला बसलो. लांबलंय, पण वेळ काढून वाचा. गोष्ट बेडकापासून सुरू होते, पण शेवटी आपल्या जमिनीवर येते.

आधी बेडकाचं. तो परदेशी नाही आणि विषारीही नाही. वर्षभर विहिरीच्या कडेला दिसणारा आपला मोठा शेवाळी-तपकिरी बेडूक तो हाच. इंग्रजीत त्याला बुलफ्रॉग म्हणतात. उन्हाळाभर मातीत गाडून घेऊन पडून राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात बाहेर येतो. पिवळा होतो तो फक्त नर, तोही विणीच्या थोड्या दिवसांपुरता. मादी आहे तशीच मातकट राहते. विणीचा गोंधळ संपला की नरही पुन्हा मातकट.

हा रंग कशासाठी? आपल्याकडचं पाणी बघा. कर्जत-जामखेडकडे वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. डबकं आज भरलं तर महिना-दीड महिन्यात आटणार. पण असल्या डबक्यात मासे नसतात, म्हणजे अंडी खाणारा मोठा शत्रू नाही. त्यामुळे बेडकाचं सगळं गणित घाईचं. एक-दोन रात्रींत जमायचं, अंडी घालायची आणि पाणी आटायच्या आत पिल्लांनी पाय फोडून बाहेर पडायचं. एका डबक्यात पन्नास नर, मोजक्या माद्या आणि सगळी झोंबाझोंबी. दिसेल त्याला नर मिठी मारतो. अशा गर्दीत नर कोण आणि मादी कोण, हे लांबूनच कळलं तर वेळही वाचतो आणि जीवही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०२५ साली आपल्याकडेही अंगणात दिसणाऱ्या भेकावर याची परीक्षा प्रसिद्ध केली. त्याचेही नर विणीत पिवळे होतात. त्यांनी पाण्यात पिवळे आणि तपकिरी नकली बेडूक ठेवले. नरांनी मिठ्या मारल्या त्या बहुतेक तपकिरी पुतळ्यांना, पिवळ्यांना टाळलं.

टीव्हीवर दिसणारे दक्षिण अमेरिकेतले भडक बेडूक खरंच विषारी असतात. कोलंबियातल्या एका सोनेरी बेडकाचं विष तिथले आदिवासी शिकारीच्या बाणांना लावायचे. तिथल्या पिवळ्याचा अर्थ ‘मला खाऊ नको’. आपल्या पिवळ्याचा अर्थ ‘मी पण नरच आहे, सोड मला’. रंग एकच, पण देश बदलला की अर्थ बदलतो.

आता थोडं मागं जाऊ. आपल्या देशानं या बेडकाला एकदा जवळजवळ विकून टाकलं होतं. युरोप-अमेरिकेत बेडकाच्या तंगड्या आवडीनं खातात, आणि १९५० च्या दशकापासून भारत त्या पुरवायला लागला. १९८० च्या सुमारास वर्षाला चार हजार टनांच्या पुढे तंगड्या बोटीनं जात होत्या. हे वजन फक्त पायांचं, बाकी बेडूक फेकून. पकडायचे कधी? पावसाळ्याच्या रात्री, दिवा घेऊन, आवाजाच्या मागावर. म्हणजे ज्या रात्री तो पिढी वाढवायला बाहेर पडतो, नेमक्या त्याच रात्री. मादीला बोलावणारा आवाज आणि रंग पकडणाऱ्यालाही बोलावत होता.

याविरुद्ध ज्यांनी हिशेब मांडला त्यांत मुंबईचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली होते. १९५१ साली मुंबई राज्यात वन्यप्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागेही त्यांची खटपट होती. बेडूक शेतातली कीड खातो. तो गेला की औषध फवारावं लागतं, आणि त्याचा खर्च तंगड्यांच्या डॉलरपेक्षा जड पडतो, असा हा साधा हिशेब होता. १९८५ मध्ये या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं आणि १९८७ मध्ये भारतानं निर्यातच बंद केली. धंदा थांबला नाही, इंडोनेशियाकडे सरकला. पण आपला बेडूक वाचला. आज काठी घेऊन मारणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं की हा प्राणी एवढ्यातून वाचून आपल्या बांधावर आलाय.

दुसरा रंग काळा. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला गेला असाल तर काळवीट पाहिला असेल. माद्या आणि लहान नर वाळल्या गवताच्या रंगाचे. नर वयात येऊ लागला की पाठ गडद होत जाते. पूर्ण वाढलेला, माज आलेला नर जवळजवळ काळाकुळकुळीत, पोट पांढरंशुभ्र, वर पिळाची शिंगं. विचार करा, उघड्या माळावर, जिथं लपायला झाड नाही, तिथं काळं अंग म्हणजे ‘या, मला खा’ असंच की. मग निसर्गानं हा घाट्याचा सौदा का केला? कारण तिथं लपून भागतच नाही. तिथं पळावं लागतं आणि दिसावं लागतं. ‘एवढा उठून दिसतो, तरी जिवंत आहे’ ही त्या नराची जाहिरात. गुजरातेत वेळावदरला तर असे नर एका ठिकाणी जमतात, प्रत्येकाचा छोटासा आखाडा असतो, आणि माद्या फिरून निवड करतात.

पळणं त्याला शिकवलं चित्त्यानं. तो चित्ता आपण संपवला. मोगलांपासून संस्थानिकांपर्यंत पाळीव चित्ते सोडून काळवीट मारण्याचा शौक होता, आपल्या कोल्हापुरातही होता. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. मागं राहिलं ते चित्त्यापासून वाचण्यासाठी घडलेलं जनावर. जीपमधून बंदूक चालवणाऱ्यापासून मात्र त्याला पळता आलं नाही.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, आणि १९८० मध्ये रेहेकुरी अभयारण्य झालं. क्षेत्रफळ किती? २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरही नाही. मूठभर हरणांपासून तिथं शेकड्यांत संख्या गेली. हे आपल्या जिल्ह्याचं यश आहे आणि ते अभिमानानं सांगायला हवं. पण काळवीट काही दगडी खुणा बघून थांबत नाही. तो शेजारच्या शेतात जातो, ज्वारी-हरभरा खातो, शेतकरी वैतागतो. आणि रस्ता ओलांडताना गाडीखाली, नाहीतर कुत्र्यांच्या तोंडी जातो.

तिसरी गोष्ट दुखरी आहे. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. आपला जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे निम्म्या नगर जिल्ह्याएवढं अभयारण्य! त्यात कर्जत, श्रीगोंदा, नेवासा इथली गावंच्या गावं, बाजारपेठा, ऊस, सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोक संतापले, आणि त्यांचा राग चुकीचा नव्हता. पुढे कोर्टकचेऱ्या, समित्या होऊन हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. पण मधल्या काळात माळढोक हा पक्षी न राहता शिवी झाला होता. रेहेकुरीला फार थोडं दिलं आणि माळढोकाला फक्त कागदावर फार दिलं. एकातही शेजारच्या माणसाला नीट विचारलं नाही.

माळढोकाचा नर विणीच्या काळात गळ्याची पांढरी पिशवी फुगवून माळावर उभा राहतो, लांबवरच्या मादीला दिसावा म्हणून. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांना धडकतो. राजस्थान-गुजरातेतल्या तारांचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश झाला आणि २०२४ मध्ये तो सौम्य झाला. सौरऊर्जाही हवी आणि पक्षीही हवा, असा तो पेच आहे. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते. ज्याच्या नावातच ‘माळ’ आहे, त्याला माळावर जागा उरली नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी येतो. बेडकाचं डबकं, काळविटाचं गवत, माळढोकाचं मैदान, या सगळ्याला आपल्या सरकारी कागदावर एकच शब्द आहे: पडीक. इंग्रजांनी १८३० च्या दशकात इंदापूरपासून जमाबंदीची मोजणी सुरू केली. त्यांना सारा हवा होता. सारा देणारी जमीन ती चांगली, न देणारी ती वाया. साहेब गेला, शब्द राहिला. त्यावर आणखी एक समज चढला की इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ झाला, तेव्हा आता झाडं लावा.

हा समज तपासायला आपलीच मराठी कामाला आली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, चरित्रं, लोककथा, ओव्या चाळल्या आणि त्यांत येणारी झाडं-झुडपं नोंदवली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातला हा काटेरी, गवताळ माळ निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही असाच होता. म्हणजे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हाही आसपासच्या मुलखात असा माळ होताच. त्याच्याही कितीतरी मागे जा. शेजारच्या पुणे जिल्ह्यात इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत काळविटाची हाडं सापडली. काळवीट दाट जंगलात राहत नाही. तो होता, म्हणजे माळ होता.

आणि आपल्या जिल्ह्याचं आजचं नाव बघा. अहिल्याबाई १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत धनगराच्या घरात जन्मल्या. धनगराची मेंढरं जगली ती याच गवतावर. ज्या माळानं ती माणसं वाढवली, त्याला आपण त्यांच्याच नावाच्या जिल्ह्यात ‘पडीक’ म्हणतो. जिल्ह्याची पाटी बदलली, सातबाऱ्यावरचा शब्द कधी बदलणार?

कुणी म्हणेल, चार प्राण्यांसाठी विकास थांबवायचा का? थांबवा असं मी म्हणत नाही. बघून करा म्हणतोय. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथं एक सरडा आहे, नराच्या गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असतो, तो उघडून मादीला बोलावतो. २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी दाखवून दिलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी झाले. त्यामुळे सरडे वाढले, निर्धास्त झाले, पण रोडावले आणि त्यांच्या गळ्याचा रंग फिका पडला. वाऱ्यावर वीज तयार केली आणि सरड्याचा रंग उतरला! एका जागी हात लावला की कुठे काय हलतं, हे असं असतं. पवनचक्क्या आपल्या पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या डोंगरांवरही आहेत.

तिकडे अकोल्यात भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला गर्दी लोटते. काजव्याची चमक म्हणजेसुद्धा नर-मादीचं बोलणं. त्यात आपण गाडीचे लाईट आणि मोबाईलचे टॉर्च मारतो. कुणी बोलत असताना मध्ये भोंगा लावावा तसं ते आहे.

मग करायचं काय? आपला जिल्हा पाण्यात देशाचा गुरू आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद शिकवला, चराईबंदी करून गवत वाढवून दाखवलं. तसाच गवताचा आणि डबक्यांचा ताळेबंद ग्रामसभेत का नको? गायरानावर जेसीबी लावून खड्डे खणण्याआधी आणि गिरिपुष्पाची रोपं कोंबण्याआधी तिथं काय जगतं, हे गावातल्या मेंढपाळाला विचारा. प्लास्टिकच्या शेततळ्यात एका बाजूनं दोर किंवा जुनं जाळं सोडा, म्हणजे पडलेलं जनावर वर चढेल. पहिल्या पावसाचं डबकं मुरूम टाकून लगेच बुजवू नका, दीड महिना थांबा. काळविटानं खाल्लेल्या पिकाची भरपाई हेलपाटे न घालता मिळावी, हे आमदार-खासदारांना आपण सगळ्यांनी मिळून विचारू. शेतकऱ्याचं नुकसान झालं तर हरीण वाचणार नाही, हे माळढोकानं आपल्याला शिकवलंय.

आणि पुढच्या मृगात तो व्हिडिओ आला, तर पुढे ढकलण्याऐवजी खाली एवढंच लिहा: ‘विषारी नाही, आपलाच आहे. लगीनघाईत आहे, आठ दिवस त्रास देऊ नका.’