भागाकार

तीन वर्षांपूर्वी ऑनसाइटला असताना लंचला एका अमेरिकन सहकाऱ्याशी माझा वाद झाला होता. तो म्हणाला, "पृथ्वी तापतेय त्यात तुमचा देशही आघाडीवर आहे की!" मी लगेच बाण काढला, "माणशी किती ते बघ! तुझे १५ टन, माझे २." तो गप्प. मी खूश. हा बाण मुळात आला कुठून, ते मात्र काल रात्री वाचलं.

गोष्ट १९९० ची. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने हरितगृह वायू सोडणाऱ्या देशांची यादी काढली. पहिल्या पाचांत अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्राझील, चीन, भारत! सगळे थक्क. गोम होती हिशोबात. समुद्र आणि जंगलं काही वायू शोषून घेतात. त्या शोषणाची वजावट ज्याचा धूर जास्त, त्याला जास्त अशी वाटली होती. म्हणजे सोसायटीत ज्याच्या चार गाड्या त्याला पार्किंगच्या चार जागा, आणि सायकलवाल्याने जिन्याखाली सोय बघावी, तसलाच प्रकार.

हे पकडलं अनिल अगरवाल यांनी. आयआयटी कानपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर, पुढे पत्रकार, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे संस्थापक. सुनीता नारायण यांच्यासोबत १९९१ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. डेटा तोच, भाजक वेगळा. समुद्र आणि हवा कुणाच्या बापाची नाही, तेव्हा वाटणी डोक्यांप्रमाणे करा! तसं केल्यावर भारताचा वाटा अगदी नगण्य झाला. त्यांचा दुसरा मुद्दा होता की शेतकऱ्याच्या भातखाचरातला मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एका तराजूत तोलू नका. एक पोटासाठी, दुसरा हौसेसाठी.

त्या मिथेनचीही गंमत बघा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज होता की भारतातल्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३८ दशलक्ष टन मिथेन निघतो. १९९१ मध्ये दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे ए. पी. मित्रा यांनी प्रत्यक्ष शेतात मोजणी करवून घेतली. आकडा आला सुमारे ४! अंदाज आणि मोजमाप यांत किती फरक असतो, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको :)

पुढे १९९२ च्या रिओ करारात 'जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही' हे तत्त्व आलं. २००७ मध्ये मनमोहन सिंग यांनी जर्मनीत जी-८ च्या बैठकीवेळी शब्द दिला, की भारताचं माणशी उत्सर्जन विकसित देशांच्या पुढे कधीच जाणार नाही. १९९० मध्ये फक्त कार्बन डायऑक्साइड धरला, तर अमेरिकन माणसामागे सुमारे २० टन होते आणि आपल्यामागे पाऊण टनही नव्हता. आता त्यांचे १५ च्या आतबाहेर, आपले सुमारे २. दरी कमी झाली, तरी सातपट आहेच. त्यामुळे देश म्हणून आपला मुद्दा आजही खरा आहे.

पण काल रात्री वाचताना एक गोष्ट टोचली. लंचला मी "माझे २" म्हणालो होतो. माझे? मुंबई-न्यूयॉर्क विमानाने जाऊन येण्यातच माझ्या वाट्याला एक टनाहून जास्त येतो. म्हणजे सरासरी भारतीयाचं अर्धं वर्ष मी दोन फ्लाइटमध्ये संपवलं होतं! वर दोन एसी, गाडी वेगळीच. ज्याच्या घरात एक बल्ब आहे, त्याच्यामुळे माझी सरासरी खाली येते आणि टाळी मात्र मी घेतो. अगरवालांनी पोट आणि हौस यांच्यात जी रेघ मारली, ती दोन देशांमधून जाते तशी माझ्या सोसायटीच्या गेटमधूनही जाते.

असो. भारताची बाजू मी यापुढेही मांडेन, फक्त "माझे २" म्हणणार नाही. आणि तुम्हाला या वीकेंडचा होमवर्क: विजेचं बिल काढा. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. महिन्याला ३०० युनिट असतील, तर वर्षाला अडीच टन. त्याला घरातल्या माणसांनी भागा, मग पेट्रोल आणि विमान मिळवा.

उत्तर किती आलं ते जरूर कळवा.