'व्यक्ती' की 'नागरिक'? एका शब्दाची लढाई

संविधानाचे कलम १४ आपल्याला तोंडपाठ असते. पण त्यातला एक शब्द आपण घाईत वाचून पुढे जातो. कलम १५ भेदभावापासून संरक्षण 'नागरिका'ला देते. कलम १४ मात्र 'व्यक्ती'ला समानता देते. हा फरक किती मोठा आहे, ते अमेरिकेच्या इतिहासात दिसते.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसांना नागरिकत्वच नाकारले. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती आली. तिने 'कायद्याचे समान संरक्षण' प्रत्येक 'व्यक्ती'ला दिले. आपल्या कलम १४ मधले शब्द तिथलेच.

या शब्दाची कसोटी १९७१ मध्ये लागली. अ‍ॅरिझोनात एक वृद्ध बाई होती. १९५६ मध्ये मेक्सिकोहून कायदेशीर मार्गाने आलेली, पुढे कायमची अपंग झालेली. राज्याने तिला मदत नाकारली, कारण परकीयांसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट होती. पेनसिल्व्हेनियात स्कॉटलंडहून घरकामासाठी आलेली बाई कर भरत होती. आजारपणात तिलाही हात हलवत परत पाठवले. राज्यांचे म्हणणे एकच : पैसा मर्यादित आहे, आधी आपली माणसे.

'ग्रॅहम विरुद्ध रिचर्डसन' खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी हे खोडून काढले. परकीयही कर भरतात, त्यांना सैन्यातही बोलावले जाते. मग केवळ पैसा वाचवायचा म्हणून त्यांनाच वगळता येणार नाही. हा एकाकी, दुबळा अल्पसंख्य गट आहे. त्याच्याविरुद्धचा कायदा न्यायालयाने कडक नजरेने तपासला पाहिजे.

पण हा विजय अर्धाच ठरला. संघराज्य सरकार असा भेद करू शकते, असे १९७६ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले. १९९६ च्या कायद्याने नव्याने येणाऱ्या बहुतेक कायदेशीर स्थलांतरितांना अनेक योजनांतून पाच वर्षे बाहेर ठेवले. ज्यांना मत नाही, त्यांच्यावर कात्री चालवणे सोपे असते.

कोणी म्हणेल, परक्यांचा प्रश्न, आपल्याला काय? १९२७ मध्ये महाडचे तळेही सार्वजनिकच होते. प्रश्न होता, 'सार्वजनिक' या शब्दात माणूस म्हणून आपण मोजले जातो का? आज दुसऱ्याला त्या मोजणीतून वगळताना आपण गप्प बसलो, तर उद्या कोणत्या तोंडाने कलम १४ मागणार?

जय भीम! जय संविधान!